खांडसहून भीमाशंकर: गणेश घाटानं पहिल्यांदाच चढणाऱ्यांसाठी

भीमाशंकरला पुण्याहून एसटी जाते. मंचर, घोडेगाव करत ती थेट देवळाच्या पायऱ्यांजवळ सोडते. कोकणातल्या माणसांची वाट मात्र पूर्वापार वेगळी आहे. कर्जत तालुक्यातल्या खांडस गावातून सह्याद्रीची अख्खी भिंत चढून ते देवाच्या दारात पोचायचे. महाशिवरात्रीला आजही बरीच माणसं याच वाटेनं वर जातात. पाय दुखतात, घाम निथळतो, आणि चढ संपता संपता जंगल अंगावर येतं. ज्यांना डोंगर, झाडी, जुनी देवळं आणि त्यांच्या कथा हे सगळं एकाच दिवसात अनुभवायचं आहे, त्यांना मी पहिली हीच वाट सुचवतो.

या वाटेवर थांबायच्या जागा जुन्या लोकांनी ठरवून ठेवल्या आहेत. पूल, गणपती, पदर म्हणजे डोंगराच्या मधल्या उंचीवरचं पठार, आणि मग वरचं तळं. जिथे दम लागतो नेमकं तिथेच काहीतरी आहे: देव आहे, सावली आहे किंवा वस्ती आहे. नवख्यानं घड्याळ लावून चढण्यापेक्षा या थांब्यांच्या हिशेबानं चढावं. खालचं सगळं त्याच क्रमानं लिहिलं आहे.

आधी घाट निवडा

खांडसहून वर जायला दोन वाटा आहेत, शिडी घाट आणि गणेश घाट. शिडी घाट जवळचा, तीन-चार तासांचा. पण त्यात कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या आहेत, आणि शिड्यांपेक्षाही अवघड असे उघड्या कातळावरचे टप्पे आहेत. तिथे हाताची पकड सुटली तर खाली सरळ दरी आहे. व्हिडिओत तो घाट फार आकर्षक दिसतो, म्हणून नवखी मुलं आधी तिकडेच वळतात. मी तुम्हाला स्पष्ट सांगतो, पहिल्या वेळी शिडी घाटाला जाऊ नका. पावसाळ्यात तर अजिबात नको.

गणेश घाट लांबचा आहे. रमतगमत पाच ते सहा तास धरा. वाट रुंद आहे, मळलेली आहे, दोर लागत नाही, आणि कथांचे सगळे थांबेही याच वाटेवर आहेत.

कधी जायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. दिवाळीच्या आसपास गवत अजून हिरवं असतं, ओढ्यांना थोडं पाणी असतं आणि हवा स्वच्छ असते. डिसेंबर-जानेवारीत चढायला सगळ्यात सुखाचं. मार्चनंतर खालचा अर्धा रस्ता भट्टीसारखा तापतो. तेव्हा जायचंच असेल तर उजाडताना चालायला लागा.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं इतकं दाट असतं की पुढचा माणूस दिसत नाही, आणि सकाळी ओलांडलेला ओढा दुपारी ओलांडता येत नाही. या काळात प्रशासन अशा वाटांवर वेळोवेळी बंदीही घालतं. निघण्याच्या आदल्या दिवशी खांडसमध्ये कोणाला तरी फोन करून वाट चालू आहे का ते विचारा, आणि बंदी असेल तर मुकाट्यानं बेत बदला. भर पावसातलं भीमाशंकर पाहायचंच असेल तर एसटीनं वर जा.

श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र हे दिवस दर्शनासाठी मोठे, पण जंगल पाहायला निरुपयोगी. त्या गर्दीत इथली मोठी खार, शेकरू, दिसत नाही.

अंगाची तयारी

खांडस समुद्रसपाटीपासून फारसं उंच नाही, आणि भीमाशंकर सुमारे एक हजार मीटरवर आहे. म्हणजे जवळजवळ नऊशे मीटरची चढाई. आतकरवाडीकडून सिंहगड चढतो त्याच्या दीडपटीहून थोडं जास्त. पुणेकरांनी सिंहगड, मुंबईकरांनी नेरळहून माथेरान आधी पायी चढून पाहावं. तिथून उतरल्यावर दुसऱ्या दिवशी जिने चढता आले तर तुम्ही तयार आहात.

सामान कमीच घ्या. प्रत्येकी तीन लिटर पाणी, त्यात तडजोड नाही. वापरून रुळलेला, पकड असलेला बूट. नवा कोरा बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, टॉर्च, ओआरएसची पाकिटं, क्रेप बँडेज, एक शिट्टी. खायला गूळ-शेंगदाणे, चिक्की, धपाटे किंवा ठेपले, काकडी. फरसाण आणि वेफर नकोत, त्यानं तहान वाढते. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी सॅकच्या वरच्या खणात ठेवा, तळाशी टाकली की ती बाहेर निघत नाही.

अत्तर, सुवासिक डिओ लावू नका. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळाची पोळी असतात आणि उग्र वासानं नि धुरानं माश्या उठतात. याच कारणासाठी वाटेत शेकोटी आणि विडी-सिगारेटही नको.

खांडसपर्यंत

रेल्वेनं कर्जतला किंवा नेरळला उतरा. तिथून कशेळेमार्गे खांडस साधारण तीस किलोमीटर. एसटी आहे, पण तिच्या वेळा आपल्या सोयीच्या असतीलच असं नाही. सहा आसनी किंवा इको गाडी कशेळ्यापर्यंत भरून जाते, पुढे दुसरी करावी लागते. पाच-सहा जण असाल तर स्टेशनवरूनच पूर्ण गाडी ठरवा. आदल्या रात्री खांडसमध्ये एखाद्या घरी मुक्काम केला तर सगळ्यात बरं: रात्री तांदळाची भाकरी आणि पिठलं मिळतं, आणि सकाळी साडेसहाला पाय वाटेला लागतात.

पहिल्यांदा जाताना गावातला वाटाड्या घ्याच. मोबाईलमधल्या नकाशावर वाट दिसते, पण कुठल्या झाडाखाली पोळं आहे, यंदा कुठली दरड खाली आली आहे, हे नकाशाला ठाऊक नसतं. पैसे आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. हा परिसर ठाकर आणि महादेव कोळी समाजांचा. त्यांच्याकडे या डोंगराची जी माहिती आहे ती पुस्तकात सापडणार नाही. चालताना विचारत राहा. "दादा, या झाडाला काय म्हणता?" एवढं विचारलं तरी गप्पा सुरू होतात.

पहिला टप्पा: पूल ते गणपती

गावापासून साधारण दोन किलोमीटरवर एक पूल लागतो. इथे वाटा फुटतात. डावीकडची शिडी घाटाला, उजवीकडची गणेश घाटाला. आपण उजवीकडे. बुटाची नाडी, पाण्याची बाटली, टोपी सगळं इथेच नीट करून घ्या.

या टप्प्यात झाडी विरळ आहे आणि चढ सरळ आहे. नवखा माणूस इथेच फसतो, कारण अंगात उत्साह असतो आणि तो भरभर चालतो. शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगानं चाला. बोलता येईनासं झालं की वेग जास्त आहे असं समजा. तासाभरात गणपतीचं छोटं देऊळ येतं आणि याच गणपतीवरून घाटाला नाव आहे. यात्रेकरू इथे टेकून, नारळ फोडून मगच पुढे जायचे. तुम्हीही पंधरा मिनिटं बसा. इथवर येताना ज्याला चक्कर, मळमळ किंवा गुडघ्याची कुरबुर झाली असेल त्यानं इथूनच सोबत घेऊन परत फिरावं. यापुढे परत फिरणं लांबत जातं.

देवळापासून समोर पाहा. एका डोंगराच्या डोक्यावर सुळका उभा दिसतो. तो पदरगड. सुळक्याला लोक कलावंतिणीचा महाल म्हणतात. गडावर गुहा आणि पाण्याची टाकी आहेत, आणि जागा अशी की दोन्ही घाटांवर तिथून नजर राहते. कोकणातून वर येणारं प्रत्येक माणूस, प्रत्येक बैल तिथल्या पहारेकऱ्याला दिसत असणार. पदरगड चढायला कातळातली चिमणी, म्हणजे उभी अरुंद फट, चढावी लागते, तेव्हा तो आज नको. मागे वळून पाहिलंत तर टोपीसारखा माथा असलेला कोथळीगड दिसेल. त्यालाच पेठचा किल्ला म्हणतात. त्याच्या सुळक्याच्या पोटातून जिना कोरून काढला आहे आणि गुहेतले खांब नक्षीदार आहेत. नवख्यांसाठी तो दुसरा उत्तम गड.

दुसरा टप्पा: पदर

गणपतीनंतर वाट डोंगराला आडवी जाते, पदरगडाच्या कुशीतून वळसा घेते. चढ सौम्य आहे, पण चुकण्याची जागाही हीच आहे, कारण ढोरवाटा फुटतात. मुख्य वाट ओळखायची खूण सांगतो. खाली वाका आणि दगड बघा. माणसांच्या वाटेवरचे दगड मधोमध झिजून गुळगुळीत झालेले असतात, कडा बोथट असतात आणि दोन दगडांमधली माती घट्ट दबलेली असते. ढोरवाटेवर माती भुसभुशीत असते, खुरांचे ठसे आणि शेण असतं, आणि तोंडाच्या उंचीला फांद्या आडव्या येतात. गुरं फांद्यांखालून जातात, त्यामुळे त्या मोडलेल्या नसतात. फांदी तोंडावर आली की थांबा आणि शेवटच्या झिजलेल्या दगडापर्यंत मागे या. अंदाजानं रान तुडवत पुढे जाणं हा या डोंगरातला सगळ्यात मोठा धोका आहे.

वाटेत विहीर आहे, पण उन्हाळ्यात तिच्या भरवशावर राहू नका. पुढे मोकळं पठार येतं, पदरवाडीची वस्ती येते, आणि शिडी घाटाची वाट इथेच येऊन मिळते. सुट्टीच्या दिवशी झापात, म्हणजे झोपडीवजा टपरीत, चहा, लिंबूपाणी, कधी ताक मिळतं. अवश्य घ्या आणि रोख पैसे द्या. पुढे रेंजचा भरवसा नाही, तेव्हा घरी फोन करायचा असेल तर इथून प्रयत्न करा. पदरावर सकाळी दहा-साडेदहापर्यंत यायला हवं. बारा वाजून गेले असतील आणि मंडळी दमली असतील, तर शेवटचा चढ सुरू करण्याआधी पूर्ण तासभर विश्रांती घ्या.

तिसरा टप्पा: जंगल

पदरावरून समोर जी हिरवी भिंत दिसते तिच्यातून आता चढायचं आहे. दीड-दोन तासांचा हा नागमोडी चढ सगळ्यात दमवणारा आहे, पण तो जवळजवळ सगळा सावलीत आहे. पाच मिनिटांत हवा बदलते. पालापाचोळ्याचा ओलसर वास येतो, आणि कोकणातला मोकळा वारा बंद होतो.

हे भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य. १९८५ साली जाहीर झालं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. ते झालं मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू म्हणजे मोठी खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकट, शेपटी झुपकेदार आणि शरीराहून लांब. ती जमिनीवर क्वचित येते, म्हणून पायवाटेकडे बघत चाललात तर दिसणारच नाही. आधी घरटं शोधा. उंच झाडाच्या शेंड्याकडे, फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा फुटबॉलहून मोठा गोळा दिसतो. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधते, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे ती आत आहे असं नाही, पण ती याच झाडांवर वावरते एवढं नक्की. मग खाली निवांत बसा, गप्पा बंद. आधी वरून कुरतडलेल्या फळाची सालं पडतात. त्यानंतर खडखडल्यासारखा आवाज येतो, आणि एका शेंड्यावरून दुसऱ्यावर तांबडी झेप जाते. सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर ती जास्त हिंडते. उंबर, जांभूळ, आंबा या झाडांवर लक्ष ठेवा. फोटोसाठी टाळ्या, शिट्ट्या, दगड हे चालणार नाही.

याच जंगलात हिरडा आहे. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरी गावांत कितीतरी घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न बाळहिरड्यावर चालतं. कोवळी फळं वेचून, वाळवून विकतात. झाडाखाली वाळत घातलेला हिरडा दिसला तर त्यावरून चालू नका, मूठभर उचलून खिशातही घालू नका.

आणि इथे ती गोष्ट सांगायला हवी. भातीराव नावाचा लाकूडतोड्या या रानात लाकडं तोडत होता. एका झाडावर कुऱ्हाड पडली आणि लाकडातून रक्त वाहू लागलं. तो घाबरला, गाव गोळा झालं. रक्त थांबेना. मग कोणीतरी गाय आणली, तिचं दूध त्या जागेवर पडलं आणि रक्त थांबलं. तिथे शंकर प्रकटले, आणि लोकांनी देऊळ बांधलं. पुराणातल्या कथा वेगळ्या आहेत, त्या वर गेल्यावर. ही लोकांची कथा आहे, आणि तिच्यात देव सापडतो तो कुऱ्हाड लागलेल्या झाडात. ज्या डोंगरात अशी कथा आजोबा नातवाला सांगतात, तिथे झाडाला हात लावताना माणूस दोनदा विचार करतो. सह्याद्रीतल्या देवराया, म्हणजे देवाच्या नावानं राखलेली रानं, अशाच श्रद्धेवर टिकल्या. माधव गाडगीळ आणि व्ही. डी. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा शहरी लोकांना त्यांचं मोल कळलं. डोंगरातल्या लोकांना ते आधीपासून माहीत होतं.

साप आहेत. हात टेकण्याआधी दगडाची फट आणि फांदी बघा. बांबू चापडा हा विषारी साप हिरव्या पानांत सहज लपतो. कोणाला दंश झालाच तर त्याला चालवू नका, कापू-चोखू नका. हातापायाची हालचाल थांबवा, ११२ला फोन लावा आणि वाटाड्याला मदतीसाठी पाठवा.

माथ्यावर

जंगल संपतं आणि एकदम पठार येतं. साडेसहाला निघाला असाल तर एक वाजेपर्यंत इथे असाल. हनुमान तळ्यापाशी बसा, डबा इथे खा, आणि मग अंगात बळ असेल तर नागफणीला जाऊन या. उभारलेल्या फणीसारखा हा कडा. हवा स्वच्छ असेल तर पदरगड, कोथळीगड आणि सकाळपासून चालून आलेली सगळी वाट पायाखाली दिसते. कड्याला कठडा नाही. वारा असेल तर कडेला उभं राहू नका, पोटावर झोपून बघा. सेल्फीसाठी पाठ दरीकडे करू नका.

मग देऊळ. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. मंदिराच्या परिसरात कामं चालू असतात आणि कधीकधी दर्शन बंद असतं, म्हणून निघण्याआधी चौकशी करून ठेवा. गाभारा जुना, शिखर नाना फडणवीसांच्या काळातलं. मोठी घंटा चुकवू नका. ती पोर्तुगीज घंटा आहे, चर्चमधली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाच्या घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत दिल्या गेल्या, त्यातली ही एक.

पुराणातल्या कथा दोन. एक त्रिपुरासुराची: त्याला मारायला शंकरांनी भीमकाय रूप घेतलं, युद्धानंतर इथे विसावले, आणि त्यांच्या अंगाचा घाम वाहू लागला ती भीमा नदी. दुसरी शिवपुराणातली, कुंभकर्णाचा मुलगा भीम या राक्षसाची. मला पहिली अधिक भावते, कारण चढून आलेल्या माणसाचा शर्ट घामानं चिंब झालेला असतो आणि त्याला ती लगेच पटते. हीच भीमा पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते. इथे तिची बारीक धार पाहून घ्या. वेळ असेल तर जंगलातून गुप्त भीमाशंकरपर्यंत चालत जा, दीडेक किलोमीटर आहे. लुप्त झालेला प्रवाह तिथे पुन्हा प्रकटतो असं मानतात.

परतीचं

नवख्यांनी आल्या वाटेनं त्याच दिवशी उतरू नये. दमलेले गुडघे उतारावर दगा देतात, आणि जंगलात अंधार बाहेरच्यापेक्षा तासभर आधी पडतो. दोन मार्ग आहेत. वरच धर्मशाळेत किंवा घरगुती खोलीत मुक्काम करायचा आणि सकाळी गणेश घाटानं उतरायचं. नाहीतर दुपारची एसटी धरून पुण्याला यायचं, चार तास लागतात. मुंबईकरांनाही मी हाच दुसरा मार्ग सांगतो. त्यासाठी खांडसमध्ये स्वतःची गाडी ठेवू नका. आणि स्टँडवर पोचल्या पोचल्या, दर्शनाच्याही आधी, शेवटची गाडी कितीला आहे हे कंट्रोलरला विचारा. फळ्यावरची वेळ आणि खरी वेळ यांत फरक पडतो.

ही वाट जमली तर पुढच्या हिवाळ्यात दोन जागा करा. एक आहुपे: तिथली देवराई भैरवनाथाची, आणि तिच्यात माणसाच्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली झाडांवरून झाडांवर गेल्या आहेत. तिथून आहुपे घाट खाली मुरबाडकडे उतरतो. दुसरी सिद्धगड, याच अभयारण्यातला. १९४२च्या चळवळीत विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्ता या क्रांतिकारक गटाचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी त्याच्या पायथ्याच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दर वर्षी २ जानेवारीला लोक पहाटेच्या अंधारात स्मारकाजवळ जमतात. जायचं असेल तर १ तारखेच्या रात्री मुरबाडकडून पोचा, आणि थंडी कडक असते, स्वेटर घ्या.